आधी चप्पल दाव

माझं लग्न माझ्या चपलेवर जमलं. खोटं वाटंल, पण बराबर सांगून राह्यले.

पाहुणे मला पाहायला आल्ते तवा मी हिरवं पातळ नेसून पाटावर बसेल होते. नाव काय, शिक्षण किती, मी म्हणलं सातवी, पुढं शाळा लांब पडत होती, भाकरी थापता येती का, मी म्हणलं येती, जरा चालून दाखव, मी चालले. सगळे माझ्याकडं पाहून राह्यले होते. एक म्हातारा मातर त्यांच्यात नव्हता. तो बाहेर उंबऱ्यापाशी उकिडवा बसून माझी चप्पल उलटी करून, पार डोळ्याजवळ नेऊन पाहत होता. माझ्या आईला वाटलं चोर शिरला. ती उठून जाणार तेवढ्यात म्हातारा आत आला, चप्पल हातातच, आन् सगळ्यांच्या मधी उभा राहून म्हणला, "दोन्ही टाचा बराबर झिजल्यात. पोरगी सरळ चालती. करून टाका."

आन् करून टाकलं.

ते आमचे आप्पा. मालकाचे सख्खे चुलते. मालकाचे वडील लवकर गेले, तं आप्पांनीच त्यांना वाढवलं. आप्पांनी जिंदगीभर ट्रक चालवला, परतूरच्या एका शेटच्या जिनिंगवर, कापसाच्या गाठी इकडून तिकडं. मंग डोळ्याला कमी दिसायला लागलं तवा नव्या जालन्यात येऊन राह्यले, आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर, एकटेच. त्यांची बायको तं माझ्या लग्नाच्या आधीच गेली होती. आप्पा उंचीनं माझ्याएवढेच, म्हणजे बुटकेच, डोक्यावर पांढरी टोपी, आन् बोलताना दर वाक्याला "बिलकुल".

त्यांचं एकच म्हणणं, झीज खोटं बोलत न्हाई. "तोंड काय, तोंड धुवून येतं माणूस," आप्पा म्हणायचे. "तळ कोण धुतंय? तळाला जे लिहिलं ते खरं."

त्यामुळं आप्पा कुणाच्या घरी गेले की आधी आत जायचेच न्हाईत. दारातल्या समद्या चपला उलट्या करायचे, पाहायचे, आन् तशाच उलट्या टाकून मंग आत जायचे. आता चप्पल उलटी पडली की घरात भांडण होतं म्हणतात ना, आमच्या गल्लीत ते बिलकुल खरं व्हायचं. आप्पा येऊन गेले की बाई बाहेर यायची, उलटी चप्पल पाहायची आन् भांडायला सुरू. आप्पांशीच.

समोरच्या मारवाड्याच्या शेटाणीबाईची चप्पल आप्पांनी एकडाव पाहिली आन् सगळ्यांसमोर म्हणले, "किती वर्साची हाय?" त्या म्हणल्या, लग्नातली. आप्पा म्हणले, "मंग तुम्ही कुठंच जात न्हाई." शेटाणीबाई त्यांच्याशी बोलायच्या बंद झाल्या. पण दुसऱ्या दिवसापासून रोज संध्याकाळी मंदिरापर्यंत चालत जायला लागल्या. कुणी इचारलं तं म्हणायच्या, पाय मोकळे करून राह्यले.

एक बियाण्याच्या कंपनीचा माणूस यायचा बूट घालून. त्याच्या बुटाची फक्त पुढची टोकं घासेल होती. आप्पा त्याला म्हणले, "लोकं तुम्हाला दारातच उभं करतात. तुम्ही पायानं माती उकरत बसता." तो माणूस चहा पेला आन् गेला.

असं न्हाई की आप्पा दर खेपेला बराबर निघायचे. माझा भाऊ आल्ता, त्याची चप्पल पाहून आप्पांनी सांगितलं, ह्या माणसाला उतारवयात लई सुख हाय, दोन सुना येतील. भाऊ माझ्यापेक्षा लहान. मंग कळलं का तो लग्नाच्या पंगतीतून दुसऱ्याचीच चप्पल घालून आल्ता. आप्पा म्हणले, "मंग ज्याची हाय त्याला सांगा."

आन् एक गोष्ट सांगायची राहिली. आप्पांची स्वतःची चप्पल कुणी कधी पाहिली न्हाई. दारात आले की काढायचे, पिशवीत टाकायचे आन् पिशवी मांडीखाली घेऊन बसायचे. आमच्या गाडीचा मिस्तरी म्हणायचा, "आप्पा, कभी अपनी भी तो दिखाओ." आप्पा म्हणायचे, "माझी नवीन हाय. त्याच्यात पाहायसारखं काय न्हाई." दरवेळेस नवीनच.

आता टायराचं सांगते. सांगायचं तेच होतं, पण मी बोलाय लागले की असंच होतं.

आमच्या मालकाकडं पिकअप होती. बियाण्याच्या पोत्यांचं भाडं मारायचे, भोकरदनकडं, पार धावड्यापर्यंत, येताना मोसंबी भरून आणायची. घर म्हणजे एक खोली, समोर नळ, नळाच्या बाजूला पिकअप उभी राहायची आन् तिच्यामागं गल्लीची भिंत. मी तवा नवी नवी बाळंतीण, गुड्डी माझ्या मांडीवर, सासूबाई गावाकडं, मालक सकाळी जायचे ते दिवे लागल्यावर यायचे. मी भित्री हाय, लपवून काय करू. कुकरची शिट्टी झाली तरी मी गुड्डीला छातीशी धरते.

एक दिवस मी नळावर भांडी घासत खाली बसेल होते आन् माझं तोंड आलं बराबर पुढच्या चाकाच्या उंचीला. डाव्या चाकाच्या. पुरुष माणसं उभी राहून पाहतात तं त्यांना टायर बाहेरून दिसतं, बाहेरून ते नव्यासारखं होतं. मी खालून पाहिलं. आतल्या अंगानं ते पार गुळगुळीत झालतं, गुड्डीच्या टाळूसारखं. एका जागी तं रबर संपून आतले धागे दिसून राह्यले होते.

मी राखेच्या हातानंच उठले. म्हणलं, अहो, हे पाहा.

मालक म्हणले, "टायर झिजायसाठीच असतं."

मी म्हणलं, एकाच अंगानं?

मालक म्हणले, "तू भांडी घास." आन् धावड्याचं भाडं घेऊन गेले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत माझ्या जिवाचं काय झालं ते मलाच माहीत. ते टायर फुटलं असंल, गाडी पलटी झाली असंल, पोती रस्त्यावर, मालक पोत्याखाली, लोकं पोती उचलून राह्यलेत आन् मालकाला कुणी उचलंना, असं मला समोर दिसायचं. गल्लीच्या तोंडाला एसटीडीचा फोन होता, त्याची घंटी वाजली की मी हातातलं भांडं खाली ठेवायची. मी गुड्डीला काखेत घेऊन भिंतीपाशी जायची आन् चवड्यावर उभी राहून रस्त्याकडं पाहायची. भिंत माझ्या कपाळाएवढी. टाचा उचलल्या की रस्ता दिसायचा, टाचा टेकल्या की भिंत दिसायची.

मालक आले दिवे लागल्यावर, शिट्टी वाजवत. इचारलं, भाजी काय केली?

दुसऱ्या दिवशी मी आप्पांना सांगितलं. दुसरं सांगणार कुणाला. आप्पांनी टायर पाहिलं न्हाई, गाडीही पाहिली न्हाई. मालकाला हाक मारली, "दिग्या, आधी चप्पल दाव."

"आप्पा, टायर झिजलंय, चप्पल न्हाई."

"गाडी चप्पल घालून चालवतो का टायर घालून? दाव."

मालकाची डावी चप्पल जरा जास्त झिजेल निघाली. आप्पांचा चेहरा असा खुलला, पोरगा पास झाल्यासारखा. म्हणले, "हे पाहा! तू डावीकडं झुकून बसतो. सगळा भार डाव्या चाकावर." माझी बाळंतपणातली उशी मागितली, मालकाच्या डाव्या मांडीखाली घातली आन् म्हणले, आता अशी चालव. आन् ते धाग्याचं टायर काढ, स्टेपनी लाव, आन् दोष सापडेपर्यंत धावड्याचं नाव घ्यायचं न्हाई, जालन्यातल्या जालन्यात काय भाडं मिळंल ते मार.

मालक आप्पांपुढं बोलत न्हाईत. उशीवर बसून गाडी चालवायला लागले. चार-सहा दिवसांत त्यांची कंबर धरली. आप्पा म्हणले, "धरणारच, इतके दिवस वाकडी होती."

मी आप्पांना एकटं गाठून इचारलं, आप्पा, उशीनं खरंच टायर वाचंल का? मला लई भ्याव वाटून राह्यलं.

आप्पा म्हणले, "स्टेपनी लावली न्हाई का? आता टायर नवं, गाडी तीच. खोट जुन्या टायरात असंल तं टायरासंगं निघून गेली. गाडीत असंल तं जागेवरच बसेल हाय, ह्या टायराला बी खाईल. तू रोज हात फिरव. सकाळ-संध्याकाळ, आतल्या अंगानं. डोळ्याला दिसायच्या आधी हाताला कळतं."

मंग मी भांडी घासली की हात धुवून टायरावर हात फिरवायची. गल्लीतल्या बायका पाहायच्या. शेटाणीबाई म्हणल्या, "सूनबाई, गाडीची मालिश करून राह्यली का?" मी म्हणलं, हो.

आन् एक दिवस हाताला लागलं. आतल्या काठाला, जराशी धार आल्ती. हात आतून बाहेर नेला तं गुळगुळीत, बाहेरून आत आणला तं टोचायचं. म्हणजे खोट गाडीतच बसेल होती, आन् स्टेपनी लावून झाली होती, आता मागं काहीच शिल्लक न्हाई.

आप्पांनी हात फिरवला, डोळे मिटून, लई वेळ. मंग म्हणले, "बिलकुल. उशी काढ."

मिस्तरीला बोलावलं. मिस्तरी म्हणजे कोपऱ्यावरच्या गॅरेजचे चाचा, लई चांगला माणूस, पण आप्पांना चिडवल्याबिगर त्यांना जेवण जायचं न्हाई. ते म्हणले, हवा कमी असंल.

आप्पा म्हणले, "हवा कमी असली तं दोन्ही काठ झिजतात. हवा जास्त असली तं मधून झिजतं. हे एकाच काठानं झिजलं. तुला कुणी मिस्तरी केलं?"

चाचा म्हणले, "अच्छा, तो चप्पल में कितनी हवा रखनेकी?"

मंग त्यांचं दोघांचं लई वेळ चाललं. मी चहा ठेवला.

त्याच दिवशी, चहा होईपर्यंत आप्पा सवयीनं दारातल्या चपला उलट्या करत बसले. मालकाची पाहिली, चाचाची पाहिली, मंग माझी उचलली. लग्नाच्या वेळची न्हाई, ही नंतर घेतलेली, बाळंतपणानंतरची. आप्पा पाहतच राह्यले. मी कपबशा घेऊन बाहेर आले तं ते एकदा चपलेकडं पाहायचे, एकदा माझ्याकडं.

"पंजा झिजलाय," आप्पा हळूच म्हणले. "टाच कोरी."

मी कपबशा खाली ठेवल्या.

"पळती का कुठं?"

मी म्हणलं, न्हाई, घरातच असते.

आप्पांनी भिंतीकडं पाहिलं. मंग माझी चप्पल खाली ठेवली, सुलटी. आप्पांनी चप्पल सुलटी ठेवलेली मी तवा पयल्यांदा पाहिली. चहा पेले आन् उठून गेले. मला वाटलं, माझं काहीतरी लई वाईट निघालं. रात्रभर माझा डोळा लागला न्हाई. टायराचं भ्याव होतंच, त्याच्यात चपलेचं.

सकाळी उठले तं आप्पा भिंतीपाशी. कुठून तरी एक फरशी आणली होती, चांगली जाड, आन् ती भिंतीला लावून, खाली खडे सारून, हलती का न्हाई ते पाहून राह्यले होते.

मी म्हणलं, आप्पा, हे कशाला?

"गाडीला ठेपा द्यायला लागती कधीमधी," आप्पा म्हणले. "इथंच राहू दे. हलवू नको."

संध्याकाळी मालक जालन्यातल्याच भाड्याला गेल्ते. मी त्या फरशीवर उभी राह्यले. टाचा टेकेल होत्या आन् रस्ता दिसत होता, पार रेल्वेच्या फाटकापर्यंत. गुड्डीला बी दिसत होता.

आप्पा त्याच टायमाला गल्लीतून जाऊन राह्यले होते. मला पाहून म्हणले, "वाट पाहिल्यानं गाडी जल्दी येत न्हाई. मी तं दिवे लागले की झोपून घेतो." आन् गेले झोपायला.

पण खोट सापडेल नव्हती. स्टेपनीचा काठ रोज जास्त टोचायला लागला आन् कंपनीवाल्यांनी निरोप पाठवला का धावड्याला माल पोचवा न्हाई तं दुसरी गाडी पाहतो. मालक म्हणले, आप्पा, आता मी जातो. आप्पा म्हणले, उद्या. मालक म्हणले, रोज उद्याच म्हणता. आप्पा म्हणले, मंग आजही उद्याच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पांनी माझ्याकडं पाळण्याची दोरी मागितली.

मी म्हणलं, आप्पा, गुड्डी झोपलीय पाळण्यात.

"उठव. बापासाठी उठती का न्हाई?"

गुड्डीला उठवलं, ती लागली रडायला. आप्पांनी दोरी मागच्या चाकाला बांधली आन् ताणून पुढच्या चाकापर्यंत आणली, मंग खाली वाकून एक डोळा मिटून पाहायला लागले. चाकं समोर पाहतात का तिरपी पाहतात, ते दोरीवर कळतं म्हणे. चाकं बराबर समोर पाहत होती. आप्पांना ते पटलं न्हाई. म्हणले, "दोरी ढिली झालीय. तुझी पोर जड हाय." परत ताणली. परत बराबर.

चाचा बिडी ओढत उभे होते. म्हणले, "आप्पा, चाक उचलके देखो ना."

"मी तेच म्हणणार होतो," आप्पा म्हणले.

जॅक लावला, डावं चाक जमिनीवरनं सुटलं. चाचांनी चाक वरून आन् खालून धरून हलवलं. खट्. परत हलवलं. खट्. आप्पांचे डोळे मोठे झाले. म्हणले, "ब्रेक दाबा कुणीतरी! ब्रेक दाबल्यावर आवाज गेला तं बेअरिंग, न्हाई गेला तं किंगपिन!"

मालक गेल्ते पोती मोजून घ्यायला. चाचांनी चाक धरेल, आप्पा खाली वाकेल. राहिले मी.

मी जिंदगीत त्या सीटवर बसले नव्हते. गुड्डीला काखेत घेऊन चढले. खाली तीन दांडे. मी म्हणलं, आप्पा, कोणतं?

"मधलं!"

मी डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं आन् दाबलं. मला वाटलं गाडी जॅकावरनं उडंल. काही झालं न्हाई. खालून आवाज आला, खट्.

"दाबलं का न्हाई?"

दाबलंय, आप्पा!

"जोरात दाब!"

मी दोन्ही पाय ठेवून उभीच राह्यले त्याच्यावर. खट्. खट्. गुड्डीनं हॉर्नवर हात मारला, सगळी गल्ली बाहेर आली. आप्पा गाडीखालून ओरडले, "किंगपिन! बिलकुल किंगपिन!" गाडीखाली पालथ्या पडेल माणसाच्या आवाजात इतका आनंद मी आजवर ऐकला न्हाई.

मला तं काही कळलं न्हाई, मंग चाचांनी समजावलं. चाक वळायसाठी एक खुंटी असती, ती पिन. ती ज्या बुशात फिरती तो बुश खाल्ला गेला, म्हणून चाक वरनं आत झुकलं, म्हणून आतलाच काठ रस्त्याला घासायचा. बुश खाल्ला गेला कारण ग्रीस न्हाई. आप्पा म्हणले, ग्रीस तं दिग्या दर वेळेस मारतो, मी पाहिलंय. मंग ग्रीस जातं कुठं?

चाचांनी नखानं खरवडलं. जिथनं ग्रीस आत जातं ती बोंडी चंदेरी झाली होती. पार बुजेल. उजव्या बाजूला मातर मोकळी.

तवा मला सगळं आठवलं. दसऱ्याला मालकांनी गाडी रंगवली होती. चाकं, खालचे स्प्रिंगचे पाटे, सगळं चंदेरी. आमची गाडी दारात उभी राहती ती डावी बाजू दाराकडं करून. ओवाळायला आम्ही बायका तिकडूनच येतो, हार तिकडं, हळद-कुंकू तिकडं. म्हणून डाव्या बाजूला मालकांनी दोन हात दिले होते, कानाकोपरा सोडला नव्हता. उजवीकडं कोण पाहतंय, म्हणून एकच हात, तोबी वरवर. जी बाजू सजवली ती उपाशी मेली.

चाचा म्हणले, "बेचारी मेकप से मर गई."

आप्पा कपडे झटकत उभे राह्यले. म्हणले, "मी पयल्याच दिवशी म्हणलं होतं, भानगड डावीकडं हाय." ते पयल्या दिवशी काय म्हणले होते ते माझ्या उशीला माहीत.

चाचांनी नवी पिन टाकली, नवे बुश टाकले, जुनं काळं बाहेर येईपर्यंत ग्रीस मारलं. टायरही दुसरं टाकलं. आन् मालक धावड्याला गेले.

मी त्या दिवशी भ्याले न्हाई असं सांगितलं तं खोटं होईल. गाडी नीट झाली, पण मी कुठं नीट झालते. ऊन उतरलं तशी मी फरशीवर जाऊन उभी राह्यले. रस्त्यावर रिक्षा, मोटरसायकली, एक मोसंबीची गाडी, आमची न्हाई. दिवे लागले. मालक न्हाईत. आप्पांना हाक मारावी म्हणलं, मंग आठवलं, ते तं झोपले असतील.

मी कोपऱ्याकडं पाहिलं. आप्पांच्या घराची भिंत आमच्या भिंतीसारखीच, तेवढीच उंच. त्या भिंतीवर मला पांढरी टोपी दिसली. दिसली आन् गेली. जरा वेळानं परत दिसली, टोपी आन् दोन डोळे, रस्त्याकडं. परत खाली. थोडा दम घेतला असंल. परत वर.

मी पाहतच राह्यले. गुड्डीलाबी मजा वाटली, टोपी वर आली की हसायची.

मंग फाटकाच्या अंगाला पिकअपचा उजेड दिसला, आमचा एक दिवा जरा पिवळा होता, लांबून ओळखू यायचा. मी कोपऱ्याकडं पाहिलं तं टोपी गायब.

मालक हातपाय धुवून राह्यले होते, धावड्याला माल उतरायला हमाल मिळाले न्हाईत म्हणून उशीर झाला म्हणत होते, तेवढ्यात आप्पा आले, जांभई देत. "आला का दिग्या? माझा डोळा लागला होता, गाडीच्या आवाजानं जाग आली."

दारात त्यांनी चपला काढल्या आन् पिशवी पाहायला लागले. घाईत पिशवी घरीच राहिली होती. एक चप्पल पायरीवरनं सरकली आन् खाली पालथी पडली.

नवीन नव्हती. पंजा पार पातळ झालता, अंगठ्याखाली तं भोक पडायला आल्तं. टाच कोरी. दुकानातून आणली तशी, तिच्यावरची नक्षीसुद्धा गेली नव्हती.

मी पाहिलं हे आप्पांनी पाहिलं. मी खाली वाकून ती सुलटी केली, दुसरीच्या शेजारी ठेवली आन् म्हणलं, या आप्पा, भाकर टाकते.

सकाळी मालक भाड्यावर जायच्या आत मी त्यांना म्हणलं, नळाच्या मागं घरमालकाच्या फरश्या पडल्यात, त्यातली एक उचला आन् आप्पांच्या भिंतीपाशी नेऊन टाका. मालक म्हणले, कशाला? मी म्हणलं, तुम्ही उचला.

मी गुड्डीला घेऊन संगं गेले. मालकांनी फरशी टाकली आन् गाडीवर गेले. आप्पा बाहेर आले, फरशीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"हे कशाला?"

मी म्हणलं, गाडीला ठेपा द्यायला लागती, आप्पा.

आप्पांच्या दारात कधीच गाडी उभी राहत नव्हती. ते उकिडवे बसले, फरशीवर हात ठेवून एका अंगानं दाबली, दुसऱ्या अंगानं दाबली. ती जराशी हलली. त्यांनी बाजूचा एक चपटा खडा उचलला, खाली सारला आन् परत दाबून पाहिली.

"बराबर बसली नव्हती," आप्पा म्हणले. "अशी ठेवली असती तं डावी टाच झिजली असती."